कालकाय बाई आणि दोन अंड्यांची कोंबडी

समोर माणूस आला की चारचौघं "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारतात. माझी सून विचारते, "काल काय खाल्लं?" लग्न ठरायच्या आधी ती आमच्या घरी पहिल्यांदा आली, तेव्हा चहाचा कप हातात धरून तिनं मलाच विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लंत तुम्ही?" मी मनात म्हटलं, पोरगी ऐपत काढायला आली आहे. ठणकावून सांगितलं, "दोन्ही वेळा पोटभर जेवलो आम्ही." त्यावर ती म्हणाली, "तसं नव्हे हो, हिरवी पालेभाजी होती का त्यात?" नव्हती. माझा मुलगा छताकडे बघायला लागला. तेव्हापासून आमच्या घरात पालेभाजी शिजते, आणि ज्या दिवशी शिजत नाही त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नाही.

तिच्या हुद्द्याचं नाव घ्यायचं तर मधे एकदा श्वास घ्यावा लागतो: अन्नसुरक्षा व उपजीविका कार्यक्रम समन्वयक. लहान मुलांसाठी काम करणारी एक संस्था आहे, तिथे ती हे सगळं आहे. सुरुवातीला मला त्यातलं 'सुरक्षा' एवढंच कळलं, म्हणून मी शेजारणीला सांगून टाकलं की सून धान्याच्या गोदामावर पहारा देते. शेजारीण हळहळली, "एवढी शिकलेली पोरगी, आणि हे काय नशिबी!" ते सुनेच्या कानावर गेलं, तेव्हा तिनं मला समोर बसवलं, शेंगा सोलायला दिल्या आणि समजावलं. पोरांच्या पोटात बाराही महिने नीट अन्न जावं, ही अन्नसुरक्षा. ते अन्न कोणाच्या ट्रकमधून न येता घरच्यांच्या कमाईतून यावं, ही उपजीविका.

"आणि समन्वयक?"

"पहिलं काम बघणारी माणसं दुसरं काम बघणाऱ्यांशी बोलत नाहीत. त्यांना बोलायला लावते ती समन्वयक."

"अगं, मग तू माझंच काम करतेस की!" मी म्हटलं. मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते. इकडची वायर तिकडे खुपसायची, आणि मधल्यामधे दोघांचं ऐकायचं. सून म्हणाली, ऐकायचं नसतं. मी म्हटलं, ऐकल्याशिवाय लाइन लागली की नाही ते कळणार कसं? ह्या मुद्द्यावर आमचं आजही एकमत नाही.

तिचं ऑफिस सायकलच्या दुकानावर आहे. दोन खोल्या, एक जिना, आणि जिन्यावर बियाण्यांची पोती, त्यामुळे वर जाताना प्रत्येकाला पोट आत घ्यावं लागतं. दाराच्या चौकटीला तान्ह्या मुलांचं वजन करायचा काटा टांगलेला असतो. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, हे लोक कांदे-बटाटेही विकतात. फ्रिजमध्ये जेवणाच्या डब्यांशेजारी कोंबड्यांच्या लसीच्या बाटल्या, आणि दारावर चिठ्ठी: "आतलं काहीही तोंडात घालण्याआधी विचारा." ही चिठ्ठी लावायची वेळ कोणामुळे आली, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मुलांच्या दंडाचा घेर मोजायची लाल-पिवळी-हिरवी पट्टी असते, ती आमच्या घरी सुनेच्या पुस्तकात खूण म्हणून राहते. एकदा तिनं गमतीनं नवऱ्याच्या दंडाला लावून बघितली. पट्टी संपली, दंड उरला.

तिच्याकडे बऱ्याच वस्त्या आहेत, पण जीव एकीत अडकलेला. डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे, टेकडीच्या उतारावर ती वस्ती आहे. तिथली पोरं काटकुळी, वयाच्या मानानं बुटकी. संस्थेनं घरटी चार कोंबड्या दिल्या, खुराडी बांधून दिली, घरामागे भाजीचे वाफे काढून दिले, बायकांचा गट केला, गटातल्या एकीला कोंबड्यांना लस टोचायला शिकवलं. एवढा खटाटोप कशासाठी, तर पोराच्या ताटात अंडं पडावं म्हणून. तिथे सुनेला कोणी नावानं ओळखत नाही. गाडी दिसली की पोरं हाळी देतात, "कालकाय बाई आल्या!" कारण गाडीतून उतरताच तिचा तोच प्रश्न असतो.

ह्या प्रश्नामागे शास्त्र आहे म्हणे. महिनाभर काय खाल्लं ते माणसाला आठवत नाही, कालचं आठवतं. म्हणून कालचंच विचारायचं: धान्य, डाळ, पाला, फळ, दूध, अंडं, मासा. आणि कालच्यावरून बाकीच्या दिवसांचा अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षा करतात, तसंच. पण शीत कुठून उचललं त्यावर बरंच अवलंबून असतं, हे शहाणपण मला मागाहून सुचलं. तेव्हा मीही मान डोलावली होती.

तर त्या वस्तीचं शीत असं काही निघालं, की ऑफिसात टाळ्या वाजल्या. जेव्हा जेव्हा पाहणी झाली, तेव्हा तेव्हा जवळजवळ प्रत्येक पोरानं काल अंडं खाल्लेलं. नुसतं अंडंच नव्हे, पालेभाजीसुद्धा, भोपळासुद्धा, शेंगासुद्धा. सून त्या दिवशी घरी यायची ती गात गात यायची आणि भांडी घासताना गातच राहायची. तिचा गळा काही देवानं फुरसतीनं घडवलेला नाही, पण मी हू की चू केलं नाही. बाई खूश आहे ना, मग एखादं गाणं सोसावं माणसानं.

वर्ष संपलं, तिनं अहवाल लिहून वर पाठवला, आणि एका सकाळी मुख्य कार्यालयातल्या मोठ्या साहेबांचं उत्तर आलं. हे साहेब लांबच्या शहरात बसतात आणि तिथून सगळ्या वस्त्या चालवतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. सून चहात पाव बुडवत मोबाइलवर वाचत होती. पहिल्यांदा अभिनंदन. मग, ही वस्ती आता पार झाली, तिला मदतीची गरज उरली नाही, तेव्हा पुढच्या वर्षीची पिल्लं, लस आणि बियाणं दुसऱ्या गरजू वस्तीला द्यावं. आणि शेवटी, अहवालाप्रमाणे ह्या वस्तीतली कोंबडी दिवसाला सुमारे दोन अंडी घालते असं दिसतं, तर ती कोणत्या जातीची आहे? देणगीदारांना ती बघायची उत्सुकता आहे, लवकरच घेऊन येतो.

पाव चहात पडला आणि बुडाला.

"कोंबडी दोन अंडी घालते?" मी विचारलं.

"कोणतीच नाही घालत, आई. एक घालते, तेही रोज नाही."

मग तिनं मला उलगडून सांगितलं. अन्नाचं बघणाऱ्या माणसांनी पोरांना विचारलं, काल काय खाल्लं? पोरं म्हणाली, अंडं. उपजीविकेचं बघणाऱ्या माणसांनी बायकांना विचारलं, आठवडाभरात काय विकलं? बायका म्हणाल्या, अंडी, सगळीच्या सगळी. सुनेनं ही दोन्ही उत्तरं एकाच अहवालात, शेजारशेजारच्या पानांवर, आपल्या हातानं घातली होती. तेच अंडं ह्या पानावर खाल्लेलं होतं आणि त्या पानावर विकलेलं होतं. वरच्या कोणा आकडेवाल्यानं दोन्हींची बेरीज केली, कोंबड्यांनी भागलं, आणि जगात नसलेली कोंबडी तयार झाली.

"दोघांना बोलायला लावायचं, एवढंच माझं काम," ती म्हणाली, "आणि मीच लाइन जोडली नाही."

मला तिची कीव आली आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. सोन्याचं अंडं घालणारी कोंबडी आपण गोष्टीत ऐकतो. दुप्पट अंडी घालणारी आमच्या जेवणाच्या टेबलावर जन्मली होती. पण सून हसत नव्हती. तिला दिसत होतं ते वेगळंच. गप्प बसावं, तर वस्ती पार झाली म्हणून लस बंद होणार, आणि लस बंद झाली की पहिल्याच साथीत खुराडी ओस पडणार. खरं सांगावं, तर वस्तीनं फसवलं म्हणून साहेब वस्तीचंच नाव यादीतून कापणार. इकडे आड, तिकडे विहीर. कसंही केलं तरी कोंबड्या जाणार. आणि पोरं खरोखर अंडं खातात की नाही, हे तर अजून तिलाच ठाऊक नव्हतं.

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही," मी म्हटलं. "आधी जाऊन बघ तरी."

रविवारी ऑफिसची गाडी बंद असते. माझा मुलगा बसच्या डेपोत मेकॅनिक आहे, त्याच्याकडे एक जुनी गाडी आहे, जी त्याच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. ती त्यानं काढली. मी मागच्या सीटवर जाऊन बसले.

"आई, तुम्ही कशाला?" सून म्हणाली.

"ऐकायला," मी म्हटलं.

एरवी वस्तीला जायचं म्हणजे सून दोन दिवस आधी फोन करायची. बायका कामाला जातात, उगाच खोळंबा नको, ही तिची रीत. ह्या वेळी तिनं फोन केला नाही. गाडी वस्तीच्या तोंडाशी थांबली तर हाळी नाही, पळापळ नाही. पोरं जागच्या जागी उभी राहून आमच्याकडे बघत राहिली. एका घरातून आडव्या बांध्याची बाई हात पुसत बाहेर आली. ही गटाची प्रमुख. सगळी तिला प्रमुख मावशी म्हणतात, आणि तिच्या आवाजाला टेलिफोनची गरज नाही.

"बाई! आज? ना निरोप, ना काही?" ती म्हणाली. घरात काही शिजलेलं नसताना दारात पाहुणे उभे राहावेत, तसा तिचा चेहरा झाला होता.

तिच्या मागे तिची नात उभी होती. समोरचे दोन दात पडलेले, म्हणून सगळी तिला दातपडकी म्हणायची आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. सून खाली वाकली.

"काल काय खाल्लं?"

"पेज," दातपडकी म्हणाली.

"आणि?"

"आणि परत पेज."

"अंडं?"

पोरीनं तिच्याकडे असं बघितलं, की एवढ्या मोठ्या बाईला एवढंही कळू नये. "काल कसं असेल? तुम्ही येणार ते कुठे माहीत होतं? तुम्ही येणार असला की आदल्या दिवशी अंडं असतं." मग ती जवळ आली आणि अगदी आशेनं म्हणाली, "बाई, तुम्ही रोज का येत नाही?"

"म्हणजे आपल्याकडे पालेभाजीचं कसं," माझा मुलगा हळूच म्हणाला, "ही दौऱ्यावर गेली की आपण—" मी त्याच्या पायावर पाय दिला.

प्रमुख मावशीनं नातीला मागे ओढलं, पण आता ओढून काय उपयोग! ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मावशीनं सरळ सांगून टाकलं.

"पहिल्या वर्षी तुम्ही आलात, बाई, तेव्हा एकाही पोरानं अंडं खाल्लं नव्हतं. तुमचं तोंड एवढंसं झालं. आम्ही चहा दिला तो तसाच ठेवून गेलात. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, बाई एवढ्या लांबून येतात, त्यांना वाईट वाटू द्यायचं नाही. तुमचा फोन आला की त्या दिवशीची अंडी विकायची नाहीत, पोरांना घालायची. वाफ्यातली भाजीही काढायची. आणि खोटं एक अक्षर नाही बोललो हं. काल खाल्लं होतं, तेच सांगितलं."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस विकतो. तेल लागतं, साबण लागतो, ह्या पोरांच्या चपला आठ दिवस टिकत नाहीत. तुमचा तो दुसरा माणूस येतो, तो म्हणतो विका. तुम्ही येता, तुम्ही म्हणता खाऊ घाला. आम्ही दोघांचंही ऐकलं. आता कोंबडीला सांगा दोन घालायला!"

जमलेल्या बायका हसल्या. माझा मुलगाही हसला. सून खुराड्याजवळच्या दगडावर बसली आणि मावशीकडे बघत म्हणाली, "मी किती खूश होऊन घरी जायचे, मावशी. मला वाटायचं, हे सगळं पोरांसाठी शिजलंय. ते माझ्यासाठी शिजत होतं."

ती रागानं बोलली असती तर मावशीनं चारपट रागानं उत्तर दिलं असतं. पण ती तशी बोललीच नाही, आणि ते मावशीला झोंबलं. माणसाला लाज वाटली की आधी राग येतो. "तुमच्यासाठी शिजवलं म्हणजे पोरं काय आम्हाला नकोत?" असं म्हणत तिनं खुराड्यात कोपरापर्यंत हात घातला, एक ठिपक्याठिपक्यांची कोंबडी आरडाओरडा करत असताना बाहेर काढली आणि दातपडकीच्या कवेत कोंबली. "घे! ही तुझी. हिचं अंडं तुझं. हिला दाणा तूच घालायचा. अंडं कोणी विकलं तर मला येऊन सांग. तुझ्या आईनं विकलं तरी सांग. मी विकलं तर सगळ्या वस्तीला सांग!"

पोरीनं कोंबडी घट्ट धरली. ती आजीकडे बघेना, बाईंकडे बघेना, कोणी परत मागेल म्हणून नुसती मागे मागे सरकत राहिली.

प्रमुख मावशीनं एवढं केल्यावर बाकीच्या कशा मागे राहतील? इरेला पडणं ही काही फक्त पुरुषांची मक्तेदारी नाही. पटापट खुराडी उघडली. एक बाई मात्र हात कमरेवर ठेवून उभी राहिली. "माझ्याकडे पोरं चार, कोंबड्या चार. मग मी विकू काय, खुराडं?" त्यावर बराच वेळ वाद झाला आणि शेवटी ठरलं की तिची दोन-दोन पोरं एका कोंबडीत वाटेकरी, एक आड एक. पहिला दिवस कोणाचा, ह्यावरून त्या चौघांनी तिथेच मारामारी सुरू केली. कोंबड्यांना कोणी विचारलं नाही. एक पळून आमच्या गाडीखाली शिरली, तिला काढताना माझ्या मुलाचा हात ओरबाडला गेला, आणि सुनेनं लसवाल्या बाईकडून त्यावर औषध लावून घेतलं. कोंबड्यांचं होतं की माणसांचं, ते त्यानं आजवर विचारलेलं नाही.

परतताना अर्ध्या वाटेत सून एकदम म्हणाली, "उद्या सांगून टाकते." मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला तिचा अभिमान वाटला आणि धास्तीही वाटली, कारण त्यात तिची नोकरीही जाऊ शकत होती.

सोमवारी सकाळी तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून साहेबांना कॉल लावला. तिथेच नेट नीट मिळतं. मी ओट्याशी भाजी निवडत होते. भाजी मूठभर होती, पण मी ती फार मन लावून निवडली.

"साहेब," सून म्हणाली, "त्या वस्तीतली कोंबडी एकच अंडं घालते. दुसरं मी घातलं."

पलीकडे शांतता. मी एवढी वर्षं लाइनवर काढली; शांततेचे प्रकार मला कळतात. लाइन तुटल्याची वेगळी असते, माणूस चिडल्याची वेगळी असते. ही तिसरीच होती. साहेबांना हसू येत होतं आणि ते त्यांना शोभणारं नव्हतं.

तिनं सगळं सांगितलं, शेजारशेजारची पानं, आदल्या दिवशीचा स्वयंपाक, पेज आणि परत पेज. साहेबांचं हसू ओसरलं.

"म्हणजे वस्तीनं आपल्याला फसवलं," ते म्हणाले.

"नाही, साहेब. आपण कालचं विचारलं, त्यांनी कालचं खरं सांगितलं. आपण कोणत्या कालबद्दल विचारणार, ते आपणच दोन दिवस आधी फोन करून कळवत होतो. फसवलं असेल तर मी. पण वस्ती पार झालेली नाही. ती आत्ता कुठे सुरू झाली आहे, काल. आत्ता लस बंद केली तर त्या पोरीच्या हातातली कोंबडी मरेल."

माझ्या हातून झाकण पडलं. साहेबांनी विचारलं, तो आवाज कसला? सून म्हणाली, "सासूबाई भाजी निवडताहेत."

"कोणती?" साहेबांनी विचारलं. ह्या लोकांना सवयच असते.

"पाल्याची," मी ओट्याजवळून ओरडले.

मग साहेबांनी निकाल दिला. देणगीदारांना ते आणणार नाहीत. काही महिने जाऊ द्यायचे, मग ते स्वतः येतील, एकटे. कधी येणार ते वस्तीला सांगणार नाहीत आणि सुनेलाही नाही. ते स्वतः पोरांना विचारतील आणि काय ऐकतील त्यावर ठरवतील, की पिल्लं आणि लस इथे राहायची की जायची. तोवर सुनेनं वस्तीत पाऊल टाकायचं नाही.

ते महिने मी विसरणार नाही. माझ्या सुनेनं मला "काल काय खाल्लं?" विचारणं सोडलं. घरात एवढी शांतता पसरली, की मी एकदोनदा आपणहून सांगितलं, आज पाला केलाय बरं का. ती "हं" म्हणायची. खाली रस्त्यावर हॉर्न वाजला की खिडकीशी जायची. वस्तीत काय चाललं असेल, अंडी पुन्हा टोपलीत गेली असतील का, तो चपलांचा प्रश्न कसा सुटला असेल, हे सगळं ती भात वाढता वाढता स्वतःशीच पुटपुटायची आणि भात ताटाबाहेर पडायचा.

आणि एका सकाळी तो हॉर्न वाजलाच. साहेब जिना चढून वर आले. फोनवर भारदस्त वाटणारा माणूस प्रत्यक्षात बारीक चणीचा निघाला, आणि धापा टाकत होता. "चला," एवढंच म्हणाले. सून पदर-पर्स काही न बघता निघाली. मी तोवर चपला घालून दाराशी उभी होते.

"ह्या?" साहेब म्हणाले.

"मी सासू. मला त्याच बाजूला डॉक्टरांकडे जायचंय, गुडघा दाखवायला."

त्या बाजूला डॉक्टर नाही. सुनेनं माझ्याकडे बघितलं, पण खरं बोलायचा तिचा तो दिवस नव्हता.

वस्तीत शिरलो तेव्हा बायका बहुतेक कामाला गेल्या होत्या. खुराड्यांपुढे पोरं आणि कोंबड्या होत्या. काही कोंबड्यांच्या पायाला रंगीत चिंधी बांधलेली, त्या पोरांच्या. साहेब नेमके दातपडकीपाशीच जाऊन थांबले. तिचा एक दात आता अर्धा आला होता. ती ठिपक्यांच्या कोंबडीपुढे दाणे टाकत होती.

"काल काय खाल्लं?" साहेबांनी विचारलं.

पोरीनं आधी माझ्या सुनेकडे बघितलं. हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारावा, हे तिला आवडलं नसावं.

"पेज. आणि पाला."

"अंडं?"

"नाही."

सुनेनं माझा हात धरला. साहेबांनी मान हलवली, चांगली की वाईट ते कळेना. "का नाही? आजीनं विकलं?"

"माझी कोंबडी आहे, आजी कशी विकेल?" पोरगी चिडली. "काल तिनं घातलंच नाही. परवा घातलं होतं, परवा खाल्लं. त्याच्या आधी पण खाल्लं. काल रुसली होती."

"परवा कोणी येणार होतं का? पाहुणे वगैरे?"

"पाहुण्यांचा काय संबंध?" दातपडकी म्हणाली. "कोंबडी माझी आहे."

साहेब बाकीच्या पोरांकडे गेले. कोणी काल खाल्लं होतं, कोणी नव्हतं. त्या चौघा भावंडांपैकी एकानं दुसऱ्याची पाळी खाल्ली होती आणि त्याची तक्रार साहेबांकडेच नोंदवण्यात आली. साहेब सगळं ऐकून परत आले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मागच्या अहवालापेक्षा फारच कमी आहे हे," ते म्हणाले. "हे खरं दिसतंय," ते म्हणाले. "पिल्लं इथेच येऊ देत. लसही. आणि तुमचे ते विका म्हणणारे आणि खा म्हणणारे लोक इथून पुढे एकाच गाडीतून पाठवा."

सून हो म्हणाली, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. ती दातपडकीपुढे उकिडवी बसली होती. तिला काय वाटेल ह्याची काळजी न करता त्या वस्तीनं "नाही" म्हटलं होतं.

"मी आता पुन्हा कधी येऊ गं?" तिनं विचारलं.

दातपडकीनं उरलेले दाणे कोंबडीपुढे टाकले, हात झटकले आणि विचार केला. "कधीही या," ती म्हणाली. "नाही आला तरी चालेल."

माझी सून तिथेच, त्या खुराड्यापुढे, हसता हसता रडायला लागली. साहेब घाबरले. "ह्यांना काय झालं?" त्यांनी मला विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "काम झालं."